पत्रक वाटण्याआधी

"हळदीकुंकवात प्लॉटची पत्रकं वाटा, गटाला पैसे देऊ," असं सांगत एकजण आमच्याकडे आला. नगर-मनमाड रस्त्यालगतचे प्लॉट, "लवकरच एनए" असं छापलेलं. आम्ही पत्रक उलटसुलट पाहिलं. महारेराचा नोंदणी क्रमांक नाही, क्यूआर कोडही नाही. २०१६ च्या रेरा कायद्याने ५०० चौरस मीटरहून मोठ्या जागेवरच्या प्लॉटची नोंदणीआधी जाहिरातच करता येत नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोडही सक्तीचा आहे. एजंटालाही नोंदणी लागते. आम्ही पत्रकं परत केली. गटाच्या शब्दावर बायका साठवलेले पैसे काढून देतात, हे विसरून कसं चालेल? आधी क्रमांक मागा, महारेराच्या संकेतस्थळावर तपासा, सातबारा पाहा. घेतलंच तर पत्रक जपून ठेवा. खोट्या जाहिरातीमुळे नुकसान झालं तर भरपाई मागता येते.