निवळलेले पाणी आणि निर्धोक पाणी



अरण्यात वाट चुकलेल्या माणसाला भुकेपेक्षा तहान आधी गाठते. अन्नावाचून तो काही आठवडे तग धरू शकेल. पाण्यावाचून त्याचे दिवस मोजकेच असतात. म्हणूनच कोणत्या वेलीत आणि कोणत्या वृक्षात पिण्याजोगे पाणी असते, ही माहिती वनात राहणाऱ्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जतन केली. या माहितीच्या शास्त्रीय नोंदीचा माग काढू लागले म्हणजे तो अरण्यातून थेट कोलकात्याला येऊन पोचतो. आणि त्या माहितीची मर्यादा दाखवून देणारा शोधही याच शहरात लागला, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

कोलकात्यासमोर, हुगळीच्या पश्चिम तीरावर शिबपूर येथे १७८७ साली रॉबर्ट किड या ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करी अधिकाऱ्याने वनस्पती-उद्यानाची स्थापना केली. १७९३ पासून १८१३ पर्यंत विल्यम रॉक्सबर्ग हा त्याचा अधीक्षक होता. त्यापूर्वी तो आंध्रातील सामलकोट येथे होता व तेथील वनस्पतींवरचा त्याचा सचित्र ग्रंथ १७९५ पासून लंडनमध्ये प्रसिद्ध होऊ लागला. रॉक्सबर्गने भारतीय चित्रकारांकडून वनस्पतींची अडीच हजारांहून अधिक चित्रे काढून घेतली. त्या चित्रकारांपैकी बहुतेकांची नावे इतिहासाला ठाऊक नाहीत. ज्यांनी वनस्पतींचे उपयोग सांगितले, त्यांचीही नाहीत.

रॉक्सबर्गने शास्त्रीय नाव दिलेल्या वनस्पतींपैकी एक सह्याद्रीच्या रहिवाशांना चांगली परिचित आहे. ती म्हणजे उक्षी. हिरवट फुलांच्या घोसांनी लगडणारी ही दांडगी वेल झाडांवर चढत जाते. उन्हाळ्यात ओढे आटले म्हणजे पश्चिम घाटातील वनवासी तिच्या जाड खोडाचा तुकडा तोडतात आणि त्यातून ठिबकणारे पाणी पितात. तोडण्याचीही एक रीत असते. आधी वरचा घाव घालावयाचा, मग खालचा. यामागील कारण असे की, पानांतून बाष्परूपाने पाणी सतत बाहेर पडते आणि त्या ओढीने खोडातील सूक्ष्म नळ्यांमधले पाणी वर खेचले जात असते. घाव केवळ खालीच घातला, तर तोडलेल्या तोंडातून हवा आत शिरते व पाणी वर सरकते. आधी वर घाव घातला म्हणजे ती ओढ तुटते आणि दोन घावांमधले पाणी खाली उतरते.

वृक्षात पाणी कसे चढते, या प्रश्नाने जगदीशचंद्र बसूंनाही अनेक वर्षे गुंतवून ठेवले होते. १९१७ साली त्यांनी कोलकात्यात आपली संशोधनसंस्था स्थापन केली आणि १९२३ मध्ये रसारोहणावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. जिवंत पेशींच्या स्पंदनामुळे रस वर ढकलला जातो, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढे शास्त्रज्ञांनी पानांच्या ओढीचाच सिद्धान्त ग्राह्य धरला. तथापि वनस्पतीमधील जलप्रवाह हा प्रयोगाने मोजण्याचा विषय आहे, ही दृष्टी बसूंनी या देशात रुजविली. शिबपूरचे उद्यान २००९ पासून त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

वेलींप्रमाणे काही वृक्षही पाणी साठवितात. मगरीच्या पाठीसारखी साल असलेला ऐन हा त्यांतला एक. मार्च २०२४ मध्ये आंध्र प्रदेशातील पापिकोंडा राष्ट्रीय उद्यानात वनाधिकाऱ्यांनी ऐनाच्या खोडावरील फुगवट्याची साल छेदली, तेव्हा आतून पाण्याची धार लागली. ही माहिती त्यांना तेथील कोंडा रेड्डी जमातीकडून मिळाली होती. याउलट मादागास्करचा पांथपादप पाहावा. हा वृक्ष भारतातील उद्यानांतही लावला जातो. त्याच्या पानांच्या तळाशी पाणी साचते खरे, परंतु ते पावसाचे उघडे पाणी असते. त्यात कीटक पडतात व डासांची पैदास होते. वेलीच्या बंद नळीतले पाणी आणि पानांच्या बेचक्यात साचलेले पाणी यांत फार अंतर आहे.

वनस्पतीचे साहाय्य आणखी एका प्रकाराने होते. ती स्वतः पाणी देत नाही, पण गढूळ पाणी स्वच्छ करते. संस्कृतात जिला कतक म्हणतात, ती आपली निवळी. हिचे बी मातीच्या भांड्याच्या आतल्या अंगाला मिनिट-दोन मिनिटे घासून पाणी स्थिर ठेवले म्हणजे गाळ तळाशी बसतो. बियांतील द्रव्यांमुळे मातीचे तरंगणारे सूक्ष्म कण एकमेकांस चिकटून जड होतात. रॉक्सबर्गने हा उपाय नोंदविला आणि असे पाणी आरोग्यास हितकर असल्याचेही लिहिले. त्या काळी तसे मानणे स्वाभाविक होते. निवळलेले पाणी ते निर्धोक पाणी, असाच जगभर समज होता.

तो समज खोटा ठरला तो कोलकात्यात. डिसेंबर १८८३ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख पटकीचे कारण शोधीत या शहरी आला. १८८४ च्या आरंभी त्याला उपनगरातील एका तळ्याच्या पाण्यात पटकीचे स्वल्पविरामाच्या आकाराचे जंतू आढळले. त्याच तळ्यात लोक स्नान करीत, कपडे धूत आणि त्याचेच पाणी पीत. डोळ्यांना न दिसणारा मृत्यू नितळ पाण्यातही असू शकतो, हे त्यावरून उघड झाले. पुढे १९८३ मध्ये कोलकात्यातील उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेत त्वचारोगाचे जे रुग्ण आले, त्यांच्या व्याधीचे मूळ कूपनलिकांच्या पाण्यातील आर्सेनिकमध्ये सापडले. ते पाणीही दिसावयास निर्मळच होते.

तेव्हा या दोन प्रकारच्या ज्ञानांपैकी एकाची निवड करावयाची नसून त्यांचा क्रम लावावयाचा आहे. गढूळ पाण्यात जंतू गाळाच्या आडोशाने राहतात आणि क्लोरिनचा प्रभाव कमी पडतो. म्हणून निवळी ही पहिली पायरी होय. त्यानंतर पाण्याला खळखळून उकळी येऊ द्यावी व ती निदान एक मिनिट टिकवावी. वेलीचा ताजा रस मुळातच गाळविरहित असतो. पण येथे धोका निराळा आहे. ज्या खोडातून पांढरा चीक वा रंगीत द्रव येतो, किंवा ज्याची चव कडू लागते, ते टाळलेच पाहिजे. वनस्पतीचे विष उकळून जाईलच असे नाही, आणि आर्सेनिक तर उकळून मुळीच जात नाही. प्राणघातक कुचला हा निवळीचाच सख्खा भाऊबंद आहे, एवढे ध्यानात घेतले तरी ओळखीची चूक किती महाग पडेल हे समजेल. ही ओळख पुस्तकातील चित्रावरून पटत नाही. जाणत्या माणसाबरोबर रान तुडवीत ती शिकावी लागते, आणि असे जाणते दिवसेंदिवस कमी होत आहेत.

कतकाच्या फळाचे केवळ नाव घेतल्याने पाणी निवळत नाही, असा दृष्टान्त मनुस्मृतीत आहे. त्याला आता एक पुस्ती जोडली पाहिजे. पाणी निवळले, एवढ्यानेच ते पिण्याजोगे होत नाही. वनवासी माणसाने शिकविलेली वेलीची पारख आणि प्रयोगशाळेने शिकविलेली पाण्याची पारख, या दोन्ही ज्याच्यापाशी असतील, त्याचीच तहान निर्धोकपणे भागेल.