उत्तर तर येणारच

आज संगणकीय अभियांत्रिकीची पदव्युत्तर पदवी घेणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

तुम्ही जी विद्या शिकलात तिची ताकद आणि तिचा धोका एकाच गोष्टीत आहे. कोड चालला की उत्तर येतंच. बाउंडरी कंडिशन उलटी लागली असली, गणितासाठी वस्तूचे तुकडे पाडणारी जाळी नको तिथे ढोबळ राहिली असली, तरी पडद्यावर ताणाचा लाल-निळा नकाशा उमटतो आणि तो देखणाही दिसतो. म्हणून आज मला तुमच्याशी दोन भिंतींबद्दल बोलायचं आहे.

पहिली भिंत नॉर्वेतली. २३ ऑगस्ट १९९१ रोजी स्टाव्हँगरजवळच्या खाडीत ‘स्लाइप्नर ए’ या वायू-उत्खननाच्या फलाटाचा काँक्रीटचा पाया चाचणीसाठी पाण्यात खाली उतरवत होते. एकमेकांना चिकटलेल्या चोवीस पोकळ काँक्रीटच्या विहिरी, असा तो पाया. तीन विहिरी जिथे भेटतात तिथे मध्ये त्रिकोणी पोकळी राहते. काही पोकळ्यांत समुद्राचं पाणी शिरे आणि त्याचा सगळा दाब त्या त्रिकोणाच्या भिंतींवर येई. पाया सुमारे पासष्ट मीटर खोल गेल्यावर मोठा आवाज झाला, एक भिंत फुटली, पाणी आत घुसलं आणि वीसेक मिनिटांत सगळं तळाला गेलं. सुदैवाने माणसं वाचली.

चौकशीत दोन गोष्टी पुढे आल्या. भिंतीच्या सांध्यातली लोखंडी सळई आखूड पडली होती. आणि फायनाइट एलिमेंटच्या गणितात त्या नाजूक जागी जाळी इतकी ढोबळ होती, की कर्तन-ताण प्रत्यक्षापेक्षा ४७ टक्के कमी निघाला होता. पुढचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. अपघातानंतर हेच गणित काळजीपूर्वक पुन्हा केलं, तेव्हा भिंत बासष्ट मीटरवर फुटेल असं उत्तर आलं. म्हणजे पद्धत खोटी नव्हती. खरं उत्तर त्याच पद्धतीतून निघणार होतं. भिंत फुटण्याआधी ते कुणी काढलं नाही.

दुसरी भिंत आपली, कोयना धरणाची. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला. कोयना परिसरात घरं पडली, माणसं गेली. १०३ मीटर उंचीचं धरण उभं राहिलं, पण त्याच्या वरच्या भागात, खालच्या बाजूचा उतार जिथे एकदम बदलतो त्या पातळीला, आडव्या भेगा पडल्या. धरणाच्या संकल्पनात भूकंपाचं आडवं बल वजनाच्या पाच टक्के धरलं होतं. धरणातल्या यंत्राने नोंदवलेला धक्का गुरुत्वीय प्रवेगाच्या जवळजवळ निम्मा होता. पुढे बर्कलेत अनिल चोप्रा आणि त्यांचे सहकारी चक्रवर्ती यांनी तीच नोंद घेऊन संगणकावर धरण हलवून पाहिलं. काँक्रीटला न पेलणारा ताण नेमका त्या उताराच्या बदलाजवळ आला. भेग आधी पडली होती, त्यामुळे गणित खरं की खोटं हे भिंतीकडे पाहून सांगता येत होतं. म्हणूनच भेगांचं नवं प्रारूप तयार करणारे जगभरचे संशोधक आजही ते कोयनेवर चालवून पाहतात. सातारा जिल्ह्यातली ही भिंत नामांकित सॉफ्टवेअरच्या उदाहरणसंग्रहात आहे, याचा मला फार अभिमान वाटतो.

गणित खऱ्या भिंतीशी ताडून पाहण्याची अशी सोय नोकरीत तुम्हाला क्वचितच मिळेल. पूल बांधायचा असतो, टर्बाइनचं पातं अजून ओतलेलं नसतं, आणि अहवाल शुक्रवारी हवा असतो. ‘सॉफ्टवेअर एवढं नावाजलेलं, मग पुन्हा रन कशाला?’ असं कुणीतरी विचारेल. तेव्हा दोन दिवस मागून घ्या. जाळी बारीक केल्यावर आकडा किती हलला ते अहवालात लिहा. कागदावर हाताने ढोबळ हिशेब मांडा. संगणकाच्या आणि हाताच्या आकड्यांत दुपटीचा फरक निघाला, तर सही करू नका. या आग्रहापायी बढती लांबली तरी चालेल, असं मी इथे बसलेल्या तुमच्या पालकांसमोर बोलतो आहे, पूर्ण विचारांती.

आणि एक काम देतो. कोयनेची ती नोंद आजही अभ्यासाला मिळते. ती स्वतःच्या कोडमध्ये एकदा लावा. उतार बदलतो त्या कोपऱ्यात जाळी बारीक करत जा. तिथला ताण स्थिरावणार नाही, वाढतच जाईल, कारण रेषीय स्थितिस्थापकतेच्या गणितात अशा आत वळलेल्या टोकदार कोपऱ्यावरचा ताण अमर्याद असतो. संगणक प्रत्येक वेळी आधीपेक्षा मोठा आकडा देईल, तक्रार न करता. त्यातला कुठलाच आकडा घ्यायचा नाही, इथे भेगेचं शास्त्र वापरायचं, हे ओळखण्यासाठी ही दोन वर्षं तुम्ही घातलीत. नोंद उतरवून घ्या आणि पहिला रन याच आठवड्यात लावा.