खरा उपवास



भस्म बुधवारापासून पुनरुत्थानदिनाच्या आदल्या दिवसापर्यंत ४६ दिवस होतात. त्यांतले ६ रविवार वगळले की उपवासकाळाचे ४० दिवस उरतात. प्रभू येशूने अरण्यात काढलेल्या ४० दिवसांची ही आठवण.

एके वर्षी मी या काळात चहा सोडला. आठ दिवस डोके दुखले; पण कोणी कप पुढे केला की "माझा उपवासकाळ आहे" असे सांगताना मनाला बरे वाटे. त्याच वेळी धाकट्या जावेशी माझा दोन वर्षांचा अबोला होता. कारण काय, तर सासूबाईंचे एक पितळी पातेले! उपासनेलाही आम्ही दूरदूरच्या बाकांवर बसत असू.

एका संध्याकाळी यशयाचा ५८ वा अध्याय वाचीत होते. देवाला आवडणारा उपवास तेथे सांगितला आहे : भुकेल्याला आपली भाकर वाटून द्यावी, आणि आपल्या माणसाला तोंड चुकवू नये. मी वरमले. तिनेच आधी यावे, म्हणून मी अडून बसले होते. आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला, असे पौल रोमकरांस लिहितो. त्याने आपली वाट पाहिली नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या दारी गेले. तिने चहा टाकला. माझा नेम होता. तरी मी निमूटपणे घेतला. पातेले आजही तिच्याकडेच आहे.

भगिनींनो, यंदा काय सोडावे हे ठरविण्याआधी, कोणाकडे जायचे राहिले आहे, ते आपण मनाशी आठवून पाहावे.