संगणक घेताना : 'होम' की 'प्रोफेशनल'?

(संस्थेच्या पालक-शिक्षक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर, स्मरणिकेच्या वाचकांसाठी थोडा संक्षिप्त करून.)



मेळाव्यात कोणत्या विषयावर बोलणार, असे मला विचारण्यात आले तेव्हा मी वरील विषय सांगितला. त्यावर संस्थेचे एक वयोवृद्ध हितचिंतक हसून म्हणाले, "सर, हा काय भाषणाचा विषय झाला? हे तर दुकानदारच सांगतो." नेमक्या याच कारणासाठी मी हा विषय निवडला. दुकानदार सांगतो, आपण मान डोलावतो आणि पैसे मात्र आपल्या कष्टाचे जातात.

मी मूळचा मिरजेचा. सन २००८ मध्ये मी बी. ए.च्या वर्गात होतो. अब्बांचा भिशीचा नंबर लागला आणि त्यांनी घरात संगणक आणायचे ठरविले. अब्बांचे शिक्षण सातवीपर्यंत. पण मुले शिकली पाहिजेत ही तळमळ मोठी. सांगलीतल्या एका दुकानदाराने सांगितले, "चाचा, घ्यायचे तर 'प्रोफेशनल'च घ्या, साहेब लोक हेच वापरतात." अब्बांनी त्याचे जादा पैसे मोजले. घरी आल्यावर त्यांनी मला विचारले, "बेटा, प्रोफेशनल म्हणजे नेमके काय रे?" मी कॉलेजात शिकणारा मुलगा, पण मला उत्तर देता आले नाही.

उत्तर काही महिन्यांनी वेगळ्याच मार्गाने मिळाले. फोनवरून इंटरनेट जोडले आणि एके दिवशी पडदा काळा झाला. कोपऱ्यात संदेश आला, की ही प्रत अस्सल नाही. 'विंडोज एक्सपी प्रोफेशनल'च्या नकली प्रती ओळखणारी ही व्यवस्था कंपनीने त्याच वर्षी लागू केली होती. पार्श्वभूमी पुन्हा लावली तरी तासाभराने पडदा काळा व्हायचा. पुढे व्हायरस शिरला, दुरुस्ती करणाऱ्याने डिस्क पुसून टाकली आणि माझी आपा घरबसल्या टाइपिंगची कामे घेत असे, तिचे चार महिन्यांचे काम त्याबरोबर पुसले गेले. आम्ही पैसे मोजले होते मोठ्या नावाचे, आणि हातात आली होती उतरवून घेतलेली एक तबकडी.

अब्बांच्या त्या प्रश्नाचे उत्तर आज मी द्यावयाचे ठरविले आहे.

संगणकाचे यंत्र आणि आपण यांच्यामध्ये जी कार्यप्रणाली काम करते, तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ती 'विंडोज' असते. २५ ऑक्टोबर २००१ रोजी 'विंडोज एक्सपी' बाजारात आली, तेव्हा तिच्या दोन प्रमुख आवृत्त्या होत्या : घरासाठी 'होम' आणि कचेरीसाठी 'प्रोफेशनल'. दोहोंचा गाभा एकच. पुढे आपल्यासारख्या देशांसाठी आणखी खालच्या पायऱ्याही काढण्यात आल्या. २००५ मध्ये भारतात आलेल्या 'स्टार्टर' आवृत्तीत एका वेळी तीनच प्रोग्रॅम उघडता येत. २००९ च्या 'विंडोज ७' मध्ये 'होम बेसिक' नावाची आवृत्ती भारतासारख्या बाजारपेठांपुरतीच होती. आज 'विंडोज ११' आहे आणि सामान्य ग्राहकापुढे पुन्हा तेच दोन दरवाजे आहेत : 'होम' आणि 'प्रो'.

येथे पहिला गैरसमज दूर केला पाहिजे. 'प्रो' घेतल्याने संगणक वेगाने चालत नाही. पत्र लिहिणे, हिशेबाचे तक्ते, इंटरनेट, चित्रफिती, छपाई ही सारी कामे दोन्हींत सारखीच होतात. सुरक्षेच्या सुधारणा दोन्हींना मिळतात. मराठी आणि उर्दू टंकलेखनही दोन्हींत होते. वेग हवा असेल तर तो मेमरीत आणि चांगल्या डिस्कमध्ये आहे, आवृत्तीच्या नावात नाही.

मग 'प्रो'मध्ये जास्त काय मिळते? मुख्यतः चार गोष्टी. एक, ज्या कचेरीत मध्यवर्ती सर्व्हरवरून सर्व संगणकांचे व पासवर्डांचे नियंत्रण होते, त्या व्यवस्थेला म्हणजे 'डोमेन'ला हा संगणक जोडता येतो. 'होम' जोडता येत नाही. दोन, कोणी काय उघडावे, काय बदलू नये, याचे बारीक नियम घालता येतात. तीन, दुसऱ्या ठिकाणी बसून 'रिमोट डेस्कटॉप'ने हा संगणक चालविता येतो. 'होम'वरून दुसरा संगणक असा चालविता येईल, पण 'होम'वर बाहेरून असे येता येत नाही. चार, 'बिटलॉकर' नावाचे कुलूप. यंत्र चोरीस गेले तरी डिस्कवरील माहिती परक्याला वाचता येत नाही. योग्य यंत्रावर 'होम'मध्येही याचे साधे रूप असते. दोन्हींत एक काळजी घ्यावी : त्याची किल्ली म्हणून जो लांबलचक आकडा मिळतो, तो कागदावर लिहून जपून ठेवावा. किल्ली हरवली तर मालकही बाहेरच राहतो.

आमच्या मिरजेत सतारी-तंबोरे करणारी कारागीर घराणी आहेत. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, हे आपण वाचलेच असेल. तेथे गिऱ्हाईक गेले, की जाणता कारागीर आधी विचारतो, "वाजवणार कोण?" शिकाऊ मुलासाठी साधी सतार, मैफलीच्या कलावंतासाठी नक्षीकामाची. पण साध्या सतारीचीही जवारी नीट लागलेली असावी लागते, नाहीतर सूर उमटत नाही. संगणकाचेही तसेच आहे. आवृत्ती साधी चालेल. प्रत मात्र अस्सल हवी आणि सुधारणा वेळेवर व्हायला हव्यात. 'विंडोज १०'ला मिळणारी नेहमीची मोफत मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. तेव्हा जुने यंत्र स्वस्तात घेताना त्यावर 'विंडोज ११' चालते का, हे आधी पाहावे.

आता आपल्या घरातली गोष्ट. संगणक कक्षासाठी संस्थेने वर्गणी जमविली. त्यात गाडीवर फळे विकणाऱ्या भावांचे पैसे आहेत, शिवणकाम करणाऱ्या भगिनींचे आहेत. कोटेशन आले वीस संगणकांचे आणि वीसच्या वीस 'प्रो'! समितीने कागद तपासायला माझ्याकडे दिला. मी दुकानदाराला विचारले, "आमच्याकडे सर्व्हर नाही, तो सांभाळणारा माणूस नाही. मग वीस 'प्रो' कशासाठी?" ते म्हणाले, "शाळेला शोभून दिसते."

शोभेसाठी वर्गणी जमवीत नसतात. आम्ही फेरविचार केला. मुलांच्या संगणकांना 'होम' पुरेशी आहे. शिक्षकाचे खाते पासवर्डासह वेगळे आणि मुलांचे साधे खाते वेगळे ठेवले, की मुले महत्त्वाची मांडणी बदलू शकत नाहीत. कार्यालयातील एका संगणकाला मात्र 'प्रो' घेतली. त्यावर निकालपत्रे आहेत, शिष्यवृत्तीसाठी दिलेले मुलांचे आधार व बँक खात्यांचे क्रमांक आहेत. लोकांनी विश्वासाने दिलेली ही अमानत आहे. तिला कुलूप हवेच. जो पैसा वाचला, त्यातून मेमरी वाढविली आणि वीज गेल्यावर काम वाया जाऊ नये म्हणून बॅटरीची सोय केली.

एक बारकावा मात्र आमच्याही नजरेतून निसटणार होता. भारतात अनेक लॅपटॉपवर 'होम सिंगल लँग्वेज' नावाची आवृत्ती येते. तिच्यात टंकलेखन हव्या त्या भाषेत करता येते. पण पडद्यावरील सूचनांची भाषा एकच राहते. पाचवीतल्या मुलाला या सूचना मराठीतून वाचता याव्यात, उर्दू माध्यमाच्या मुलीला उर्दूतून, असे वाटत असेल तर साधी 'होम' मागून घ्यावी. खोक्यावरचे ते दोन शब्द वाचायला एक मिनिट लागते.

उद्या सर्व्हर आला, शाळा वाढली, तर? 'होम'वरून 'प्रो'वर जाण्याची वाट मोकळी आहे. फरकाची रक्कम भरली, की आहे त्याच संगणकावर, आहे त्या माहितीसह बदल होतो. उलट 'प्रो'वरून 'होम'वर यायचे तर सारे पुसून नव्याने घालावे लागते, आणि गेलेले पैसेही परत येत नाहीत. म्हणून शंका असेल तेव्हा 'होम' घ्यावी. शाळांसाठी सवलतीच्या कराराने मिळणारी 'एज्युकेशन' आवृत्तीही आहे. मोठ्या खरेदीपूर्वी तिची चौकशी अवश्य करावी. आणि ज्यांना तेही परवडत नाही, त्यांनी नकली प्रतीकडे वळू नये. 'लिनक्स' ही कार्यप्रणाली मोफत आणि कायदेशीर आहे. केरळच्या सरकारी शाळांनी तिच्यावरच मुलांना शिकविले.

वाचकहो, आपण सातारा-सांगलीकडची माणसे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 'कमवा व शिका' हा मंत्र दिला. कमावलेला पैसा विचाराने खर्च करणे, हाही त्या मंत्राचाच एक भाग आहे, असे मी मानतो. तेव्हा मुलीला लॅपटॉप घेताना दुकानात तीन प्रश्न विचारा. यावर काम कोणते होणार? प्रत अस्सल आहे काय आणि पावतीवर तिचे नाव लिहिणार काय? जादा पैशांत नेमके काय जास्त मिळणार? तिसऱ्या प्रश्नाला "साहेब लोक हेच घेतात" असे उत्तर आले, तर शांतपणे दुसरे दुकान गाठा.

गेल्या सुटीत मिरजेला गेलो तेव्हा अब्बांना हे सारे समजावून सांगितले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाले, "हे तेव्हा कोणी सांगितले असते तर!" आपल्या घरातील कोणत्याही वडीलधाऱ्यावर असे म्हणण्याची वेळ येऊ नये, एवढ्याचसाठी हे दोन शब्द.

जय हिंद, जय महाराष्ट्र.