बंदोबस्त की बंदी?



तंजावरहून कुंभकोणमकडे जाताना वाटेत पापनाशम लागते. कावेरीच्या खोऱ्यातील हे गाव लहान असले, तरी तमिळ चित्रपटाच्या आरंभकाळाशी त्याचे नाव दोन व्यक्तींमुळे जोडले गेले आहे. दिग्दर्शक के. सुब्रह्मण्यम यांचा जन्म १९०४ साली येथे झाला. आणि १८९० साली पोलगम येथे जन्मलेले वाग्गेयकार रामय्या पुढे याच गावाच्या नावाने, पापनाशम शिवन म्हणून, विख्यात झाले. १९३९ साली प्रदर्शित झालेल्या 'त्यागभूमी' या चित्रपटात हे दोघे एकत्र आले. कथा कल्की यांची, दिग्दर्शन सुब्रह्मण्यम यांचे आणि गीते शिवन यांची. एक प्रमुख भूमिकाही शिवन यांनीच केली होती. स्वातंत्र्यचळवळीविषयीची आस्था चित्रपटात उघड दिसत होती. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मद्रास इलाख्यातील राजाजींच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, कारभार गव्हर्नरच्या हाती गेला, आणि त्यानंतर सरकारने 'त्यागभूमी'वर बंदी घातली.

ही सेन्सॉरशिप होती, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. मराठी रसिकाला तर 'कीचकवध' नाटकावर १९१० साली आलेल्या बंदीमुळे हा प्रकार पूर्वीपासूनच परिचित आहे. राज्यकर्त्यांना न रुचणारा विचार लोकांपर्यंत पोहोचू नये, हा अशा बंदीचा सरळ हेतू असतो. परंतु मद्रास उच्च न्यायालयाने अलीकडच्या काळात चित्रपटांच्या चोरट्या प्रती रोखण्यासाठी हजारो संकेतस्थळे बंद करण्याचे जे आदेश दिले, त्यांना कोणते नाव द्यावे? तेथे कोणाचा विचार दडपावयाचा नसतो. निर्मात्याला आपली मिळकत राखावयाची असते. हा केवळ चोरीचा बंदोबस्त आहे, की बंदीचेच हे दुसरे रूप आहे, हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय होय.

प्रथम निर्मात्याची बाजू नीट समजून घेतली पाहिजे. पुस्तक वर्षानुवर्षे विकले जाते. चित्रपटाचे तसे नसते. त्याच्या उत्पन्नाचा मोठा भाग पहिल्या काही दिवसांतच हाती येतो. प्रदर्शनाच्या रात्रीच त्याची चोरटी प्रत घरोघरी फुकट पोहोचली, तर सहा महिन्यांनी न्यायालयात मिळालेला विजय निरुपयोगी ठरतो. या नुकसानीची झळ केवळ नामांकित नटांना लागते, असेही नाही. कर्ज काढून हक्क विकत घेणारा जिल्ह्याचा वितरक, तालुक्याच्या गावचा चित्रपटगृहाचा मालक आणि पुढच्या चित्रपटाच्या कामाची वाट पाहणारे तंत्रज्ञ हे सर्व त्या मिळकतीवर अवलंबून असतात. चोरी करणारा मात्र बहुधा परदेशात, खोट्या नावाने वावरत असतो. त्याच्यावर समन्स बजावणार तरी कोठे? म्हणूनच 'अज्ञात इसम' हाच प्रतिवादी धरून मनाई हुकूम मागण्याची प्रथा पडली. इंग्लंड-अमेरिकेत या अज्ञाताला 'जॉन डो' म्हणतात. आपल्याकडे त्याचे 'अशोककुमार' असे नामकरण झाले.

अडचण सुरू होते ती येथूनच. अशोककुमार न्यायालयात कधीच हजर नसतो. त्यामुळे वादी जी यादी देईल, तिला हरकत घेणारे कोणी उरत नाही. आणि यादीतील एखादा पत्ता निरपराध माणसाचा असला, तरी त्याची बाजू मांडण्यास तेथे कोणी नसते.

२०१२ साली '३' या तमिळ आणि 'दम्मु' या तेलुगू चित्रपटांच्या संरक्षणासाठी मद्रास उच्च न्यायालयाने असे आदेश दिले. ते बजावले गेले इंटरनेटची सेवा पुरविणाऱ्या कंपन्यांवर. न्यायालयाच्या अवमानाचा धोका पत्करण्यापेक्षा दार समूळ लावून घेणे कंपन्यांना सोयीचे वाटले. त्या वर्षीच्या मे महिन्यात 'व्हिमिओ' आणि 'डेलीमोशन' यांसारखी संकेतस्थळेही अनेक ग्राहकांना दिसेनाशी झाली. वस्तुतः असंख्य लोकांनी स्वतः तयार केलेले लघुपट व माहितीपट त्यांवर ठेवले होते. त्यांचा या दोन चित्रपटांशी काडीचाही संबंध नव्हता. जूनमध्ये न्यायालयाने खुलासा केला, की आदेश चोरटी प्रत ज्या विशिष्ट पत्त्यावर असेल तेवढ्यापुरताच आहे, संपूर्ण संकेतस्थळासाठी नव्हे.

हा खुलासा न्याय्य होता. तथापि त्याच्या अंमलबजावणीत तांत्रिक अडचण आहे. आज बहुतेक संकेतस्थळांशी होणारी देवाणघेवाण सांकेतिक रूपात चालते. वाचक कोणत्या संकेतस्थळावर गेला, एवढे सेवा देणाऱ्या कंपनीला साधारणपणे कळते. त्यातील कोणते पान त्याने उघडले, हे कळत नाही. एखाद्या मोठ्या वाड्याचा फक्त दिंडीदरवाजा दिसावा आणि आतल्या खोल्या दिसू नयेत, तशी ही स्थिती आहे. एका खोलीत चोरीचा माल आहे म्हणून कुलूप लावावयाचे, तर ते दिंडीदरवाजालाच लागते आणि वाड्यातील सर्व बिऱ्हाडे कोंडली जातात. अशा वेळी वाड्याच्या मालकाला ती एक खोली रिकामी करण्यास सांगणे, हाच सरळ मार्ग होय. २०१२ च्या दुरुस्तीने स्वामित्वहक्काच्या कायद्यात तशी तरतूदही आली. तक्रार मिळाल्यावर संकेतस्थळाच्या चालकाने ती प्रत छत्तीस तासांत दूर करावी, आणि तक्रारदाराने एकवीस दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही तर ती पुन्हा ठेवण्यास त्याला मोकळीक असावी, अशी ही योजना आहे. घाईच्या उपायाला मुदतीचा लगाम घालणारी ही तरतूद चोरांच्या अड्ड्यावर चालणार नाही हे खरे. परंतु प्रामाणिक संकेतस्थळाला ती पुरेशी आहे.

असे असूनही ऑगस्ट २०१७ मध्ये पूर्वीचीच चूक अधिक मोठ्या प्रमाणावर घडली. दोन हिंदी चित्रपटांच्या निर्मात्यांच्या अर्जांवरून मद्रास उच्च न्यायालयाने अडीच हजारांहून अधिक संकेतस्थळे रोखण्याचे आदेश दिले. त्या यादीत 'इंटरनेट अर्काइव्ह' ही संस्थाही होती. जुनी संकेतपाने, स्वामित्वहक्काची मुदत संपलेली पुस्तके, जुने ध्वनिमुद्रण व चित्रपट जतन करणारे हे अमेरिकेतील विनामूल्य ग्रंथालय १९९६ पासून चालू आहे. संस्थेला आधी विचारणा झाली नव्हती. भारतातील वाचकाला काही दिवस या ग्रंथालयाचे दार बंद दिसले. या घटनेतील विपर्यास असा, की अर्जदारांच्या दोन चित्रपटांपैकी एक 'लिपस्टिक अंडर माय बुरखा' हा होता. त्याच वर्षाच्या आरंभी प्रमाणन मंडळाने त्याला प्रमाणपत्र नाकारले होते, आणि अपीलात दाद मागून त्याने प्रदर्शनाचा मार्ग मोकळा करून घेतला होता. सेन्सॉरच्या जाचातून सुटलेल्या चित्रपटाच्या रक्षणासाठी एका ग्रंथालयाला टाळे लागले!

या ग्रंथालयात चोरटी प्रत मुळीच नसेल, असे कोणी म्हणणार नाही. परंतु कोणती प्रत चोरटी आणि कोणती न्याय्य, हे ठरविणे वाटते तितके सोपे नाही. पुन्हा 'त्यागभूमी'चेच उदाहरण घ्यावे. आपल्या कायद्यानुसार चित्रपटावरील हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षे टिकतो. म्हणजे या चित्रपटावरील हक्क केव्हाच संपला आहे. गीतांच्या शब्दांवरील हक्क मात्र कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षे चालतो. शिवन यांचे निधन १९७३ साली झाले, तेव्हा तो हक्क २०३३ अखेरपर्यंत राहतो. एकाच चित्रपटातील दृश्ये समाजाच्या मालकीची झाली आहेत आणि गीते अद्याप झालेली नाहीत. जेथे एका कलाकृतीचा निवाडा करताना इतका विवेक लागतो, तेथे एका दिवसात अडीच हजार संकेतस्थळांचा निवाडा कसा व्हावा?

तो विवेक दाखविता येतो, याचे उदाहरण मुंबईत मिळाले. २०१६ साली 'ढिशूम' चित्रपटाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी सरसकट आदेश देण्याचे नाकारले. संपूर्ण संकेतस्थळ केवळ बेकायदा मजकुराचेच आहे, असे दाखविल्याखेरीज ते सबंध बंद करता येणार नाही. यादीतील प्रत्येक दुवा तपासून त्याविषयी शपथेवर सांगितले पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. त्याहून महत्त्वाची आणखी एक अट त्यांनी घातली. बंद केलेल्या पानावर वाचकाला कारण दिसले पाहिजे, दाव्याचा क्रमांक दिसला पाहिजे, आणि ज्याच्यावर अन्याय झाला असेल त्याने कोणाकडे दाद मागावी हेही दिसले पाहिजे.

या अटीचे मोल समजण्यासाठी जून १९७५ आठवावा. आणीबाणीत प्रसिद्धिपूर्व तपासणी लागू होताच 'इंडियन एक्सप्रेस'ने अग्रलेखाची जागा कोरी सोडली. येथे काहीतरी होते आणि ते काढले गेले, हे त्या कोऱ्या जागेने वाचकाला सांगितले. पुढे कोऱ्या जागा सोडण्यासही मनाई झाली. कारण कोरी जागासुद्धा बोलते, हे सेन्सॉरच्या ध्यानात आले होते. कारण न सांगता बंद केलेले संकेतस्थळ तर त्या कोऱ्या जागेइतकेही बोलत नाही. वाचकाला वाटते, यंत्र बिघडले असावे, किंवा पत्ताच चुकला असावा. बंदी झाली आहे हेच ज्याला ठाऊक नाही, तो तिच्याविरुद्ध तक्रार कशी करणार?

न्यायालयांनी पुढे निर्मात्याची अडचणही ध्यानात घेतली. एक संकेतस्थळ बंद केले, की तेच दुसऱ्या दिवशी किंचित बदललेल्या नावाने उघडते. एप्रिल २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ज्यांचा धंदाच चोरीचा आहे अशा संकेतस्थळांची लक्षणे सांगितली, आणि त्यांची नवी रूपे नवा दावा न लावता आदेशात जोडण्याची सोय केली. चोरट्या बाजाराला बाजार म्हणून ओळखून तो उठविणे यात सेन्सॉरशिप नाही. चोरीचा माल विकण्यास जागा मिळणे, हे अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य नव्हे.

खरी काळजी आता निराळीच आहे. २०२३ साली चलच्चित्र कायद्यात दुरुस्ती झाली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात माहिती व प्रसारण मंत्रालयातील व चित्रपट प्रमाणन मंडळातील अधिकाऱ्यांना तक्रारीवरून अठ्ठेचाळीस तासांत कारवाई करविण्याचा अधिकार देण्यात आला. वेग वाढला, हा लाभ निर्विवाद होय. परंतु न्यायालयाचा हुकूम कारणांसह लिहिलेला असतो, त्यावर अपील असते आणि तो कोणालाही वाचता येतो. त्याच्याऐवजी अधिकाऱ्याचे पत्र आले, की हे तिन्ही आपोआप मिळतील अशी खात्री उरत नाही. राष्ट्राच्या सुरक्षेसारख्या कारणांसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली जी बंदी घातली जाते, तिच्याविषयी गुप्तता पाळण्याचा नियम २००९ पासून आहे. त्या गुप्ततेचे समर्थन करणाऱ्यांनाही चित्रपटाच्या तिकिटविक्रीसाठी तीच गुप्तता का हवी, हे सांगता येणार नाही.

सारांश, संकेतस्थळ बंद करणे ही सेन्सॉरशिप आहे की नाही, हे केवळ हेतूवरून ठरत नाही. हेतू निर्मळ असूनही कृती मुस्कटदाबीची होऊ शकते. आदेश चोरीपुरताच मर्यादित आहे काय, ज्याचे दार बंद झाले त्याला बोलण्याची संधी आहे काय, आणि वाचकाला बंदीचे कारण व मुदत कळते काय, हे पाहावे लागते. या तिन्हींची उत्तरे होकारार्थी असतील, तर तो बंदोबस्त होय. 'त्यागभूमी'वर बंदी घालणाऱ्या सरकारचे नाव लोकांना ठाऊक होते, म्हणूनच तिच्याविरुद्ध संताप व्यक्त होऊ शकला. आजच्या वाचकाला, निदान त्याच्यासमोरचे दार कोणी आणि का लावले, एवढे तरी कळण्याचा हक्क असला पाहिजे. बंद केलेल्या प्रत्येक पत्त्याची यादी आदेशासह प्रसिद्ध करण्यास फारसा खर्च येत नाही. आणि ज्या निर्मात्याची तक्रार खरी आहे, त्याला अशा प्रसिद्धीची भीती बाळगण्याचे काहीच कारण नाही.