केलांतानचा मुकीम आणि वणीची ग्रामसभा

(वणी येथे तरुण मुला-मुलींसमोर केलेलं भाषण)



मघाशी चहाच्या वेळी एकाने विचारलं, "सर, मलेशियात तर मुसलमानांचंच राज्य आहे, तिकडे आपल्यासारखे प्रश्न नसतील ना?" म्हणून आज तिथल्या एका राज्याबद्दलच बोलतो.

मलेशिया आपल्यासारखंच संघराज्य आहे. राज्यं 13. त्यातलं केलांतान थायलंडच्या सीमेला लागून. 1909 पर्यंत ते सयामच्या अमलाखाली होतं, मग करार होऊन इंग्रजांकडे गेलं. प्रमुख सुलतान, पण कारभार 45 आमदारांची विधानसभा आणि मुख्यमंत्री यांच्याकडे. 1990 पासून तिथे पास या इस्लामी पक्षाचं सरकार आहे.

दक्षिणेला डोंगर आणि जंगल, उत्तरेला भातखाचरं आणि समुद्र. केलांतान नदी दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते, मुखाजवळ राजधानी कोता बारू. मोठा पाऊस नोव्हेंबर ते जानेवारी. डिसेंबर 2014 मध्ये तिथे भयंकर पूर आला आणि वरच्या अंगाची जंगलतोड किती जबाबदार, यावर वाद पेटला. तिथल्या घटनेप्रमाणे जमीन आणि जंगल हे राज्याचे विषय. झाडं तोडायची परवानगी कोता बारूतूनच मिळते. म्हणजे केंद्राकडे बोट दाखवून सुटायची सोय नाही. राज्यकर्ते आपलेच, आणि जाबही आपल्यालाच विचारायचा. हे वाटतं तितकं सोपं नसतं.

दुसरी गोष्ट. या राज्याने शरियतच्या नावाने फौजदारी कायदा केला. केलांतानच्याच एक वकील बाई आणि त्यांची मुलगी कोर्टात गेल्या. 9 फेब्रुवारी 2024 रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 8 विरुद्ध 1 मतांनी त्यातली 16 कलमं रद्द केली. कारण एवढंच की तो विषय केंद्राच्या अखत्यारीतला, राज्याच्या नव्हे. निकाल देणाऱ्या सरन्यायाधीश स्वतः मुस्लिम बाई, जन्म कोता बारूचा. तेव्हा "इस्लामविरोधी निकाल" अशी फॉरवर्ड तुमच्या मोबाईलवर आली असेल, तर आधी हे बघा.

आता खाली उतरू. केलांतानमध्ये जिल्ह्याखाली 'दाएरा' असतो आणि त्याखाली 'मुकीम'. शब्द ओळखीचे वाटले ना? आपला दायरा, आणि मुकीम म्हणजे राहणारा, रहिवासी. पण मुकीमचा प्रमुख सरकार नेमतं, तिथले मुकीम नव्हे! नगरपालिकेचंही तसंच. इंडोनेशियाशी संघर्ष चालू असताना 1965 मध्ये स्थानिक निवडणुका स्थगित केल्या आणि 1976 च्या कायद्याने त्या कायमच्या गेल्या. कोता बारूतल्या माणसाची गटार तुंबली, तर ज्याच्याकडे जायचं तो नगरसेवक त्याने निवडलेला नसतो.

आणि आपण? सप्तशृंगीच्या या रांगेकडे बघा. अलीकडे पडलेला पाऊस गोदावरीतून बंगालच्या उपसागराला जातो, पलीकडचा गिरणेतून तापीला आणि अरबी समुद्राला. त्यातलं थोडं पाणी आपण ओझरखेडला अडवतो. ते नळाला कधी येतं, गल्लीत दिवा लागतो का, कचरा कोण उचलतं, हे विचारायची जागा ग्रामसभा. 18 वर्षं पूर्ण झालेला, गावच्या मतदार यादीतला प्रत्येक जण तिचा सभासद. वर्षातून किमान चार सभा व्हायला हव्यात. गणपूर्तीला 15 टक्के किंवा 100 मतदार, जे कमी असेल ते. शंभर माणसं! एवढी तर एका निकाहच्या पंगतीत जेवतात.

तुमच्यापैकी मागच्या ग्रामसभेला कोण गेलं होतं? हात वर करा. ... तीन. बरं.

नियमित ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यायची, हाही कायदाच आहे. तेव्हा अम्मीला, खालाला नुसतं सांगू नका, सोबत घेऊन जा. यादीत नाव आहे का ते आजच बघा. मोहल्ल्यात निम्म्या सुनांची नावं अजून माहेरच्या गावी असतात.

आता प्रश्न घेऊ. आधी मागे बसलेल्या मुली.