आधी वजन, मग सही

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सभेत जे बोलले ते वार्तापत्रासाठी लिहून द्या, असं सचिव ताई म्हणाल्या. जसं बोलले तसंच लिहिते आहे.

सुरुवात माझ्या चुकीपासून करते. मागच्या महिन्यात राजूरच्या एका गटात कर्जाच्या ठरावावर सह्या घ्यायच्या होत्या. बँकेची वेळ संपत आलेली. मी ठरावात रकमेची जागा कोरी ठेवली आणि म्हणाले, "सह्या करून ठेवा, आकडा मी मागून भरते." नऊ जणींनी केल्या. दहावी आजी. तिनं पेन खाली ठेवला. "आधी आकडा टाक, पोरी. मंग सही."

खरं सांगते, मला राग आला. समाजकार्य शिकून आलेली मी, आणि हिचा माझ्यावर भरवसा नाही! त्या दिवशी काम राहिलं. संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. तिनं चहा ठेवला, साखरेचा डबा खाली काढला आणि मला ट्रकची गोष्ट सांगितली.

राजूरला ट्रक काही नवे नाहीत. कोळशाचे, चुन्याचे ट्रक रोज जातात आणि त्यांची धूळ आपल्या भांड्यांवर बसते. पण आजीचा ट्रक साखरेचा होता. आजोबा ड्रायव्हर होते. गाडीमालकानं जुना, लांब नाकाचा ट्रक विकत घेतलेला, लाकडी बॉडीचा. टाटा आणि जर्मनीची मर्सिडीज-बेंझ यांनी 1954 पासून जमशेदपूरला मिळून ट्रक बनवले. तो करार 1969 मध्ये संपला, मग नाकावरचा तारा जाऊन टाटांचं 'टी' आलं. आजोबांच्या गाडीवर ताराच होता. तो ते चिंधीनं पुसून चकचकीत ठेवायचे. स्टेअरिंग इतकं जड की घरी आले की दोन्ही खांद्यांना तेल चोळावं लागे.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. आपल्या जिल्ह्यात उसाचा पट्टा उमरखेड-पुसदकडचा. पोफाळीचा वसंत सहकारी साखर कारखाना तिकडचाच. तिकडून पुसद, दिग्रस, यवतमाळ करत गाडी करंजी-मारेगाववरून वणीला यायची. एका फेरीत सत्तर-ऐंशी पोती. तेव्हा साखरेचं पोतं शंभर किलोचं असायचं, आणि ते एक माणूस पाठीवर घ्यायचा. जागतिक कामगार संघटनेनं 1967 मध्येच सांगितलं होतं की एका माणसावर 55 किलोंपेक्षा जास्त ओझं नको. आपल्याकडे पोतं पन्नास किलोचं व्हायला पुढं बरीच वर्षं गेली.

साखरेला तेव्हा मान होता. कारखान्याला ठरावीक साखर सरकारला ठरलेल्या दरानं द्यावी लागे, ती रेशनवर यायची. ही लेव्हीची पद्धत 2013 मध्ये बंद झाली. रेशनची साखर जपून वापरायची, पाहुणा आला तरच चहा गोड.

एकदा वाटेत अवकाळी पाऊस झाला. ताडपत्री फाटकी. तीन पोती उसवली, खालची भिजली. रात्री गाडी राजूरला घरापुढं थांबली. आजीनं कंदिलाच्या उजेडात दाभण-सुतळीनं पोती शिवली आणि सांडलेली साखर गोळा करून परत भरली. "एक घमेलं साखर वाया गेली," आजी म्हणाली. "जास्त नाही. मी माह्या हातानं भरली होती."

सकाळी वणीच्या गोदामात माल उतरला. गाडीमालक आजोबांना म्हणाला, "कर सही, घट किती ते मागून भरतो." आजोबांना सही येत होती, वाचता येत नव्हतं. त्यांनी केली. पगाराच्या दिवशी कळलं की कागदावर दोन पोती घट लिहिली आहे. एक घमेलं कुठं आणि दोनशे किलो कुठं! सात महिने पगारातून पैसे कापले. घरातली चांदी विकली. मोठ्या पोरीची शाळा सुटली आणि ती चुन्याच्या भट्टीवर कामाला लागली. ती पुन्हा शाळेत गेली नाही.

"मले वाचता येत नव्हतं, पण मोजता येत होतं," आजी म्हणाली. "मले कोणी इचारलंच नाही."

तायांनो, गाडीमालकाचं वाक्य आणि माझं वाक्य एकच होतं. माझ्या मनात पाप नव्हतं, पण कोऱ्या कागदाला मन दिसत नाही.

तोच माल पाठीवर वाहणाऱ्या हमालांचंही बघा. अण्णासाहेब पाटलांनी माथाडी कामगारांची संघटना बांधली, आणि 1969 मध्ये महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. ज्या बाजारांत मंडळं आली तिथं हमालांच्या कामाची नोंद होऊ लागली, मजुरी मंडळामार्फत मिळू लागली. आजोबा मात्र एकटे होते. एकट्याची सही दुसरा भरून घेतो. म्हणून तर आपण दहा-बारा जणी मिळून बसतो.

दुसऱ्या दिवशी मी ठराव घेऊन गेले आणि सगळ्यांसमोर आकडा वाचला, "ऐंशी हजार." दोघी-तिघी एकदम म्हणाल्या, "साठ ठरलं होतं, ताई!" गटाचं इतिवृत्त उघडलं. साठच होतं. माझ्या वहीत चुकीचं उतरलं होतं. वीस हजारांचं जादा कर्ज त्या गटाच्या डोक्यावर बसलं असतं, माझ्या घाईमुळं. साठचा नवा ठराव लिहिला. सगळ्यात आधी आजीनं सही केली.

आता दिवाळीला बरेच गट मिळून साखर आणणार आहेत, म्हणून तीन गोष्टी सांगते. पोतं उतरलं की आधी काट्यावर ठेवा; रिकाम्या पोत्याचं वजन वजा जाऊन पन्नास किलो भरलं पाहिजे. भरलेला आकडा सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून वहीत लिहा. बारा जणींना चार-चार किलो दिली की 48 होतात, उरलेल्या दोन किलोंचं काय केलं तेही लिहा. सही त्यानंतर.

कर्जाच्या कागदालाही हेच लावा. कागद बँकेचा असो, कंपनीचा असो, नाहीतर माझ्या हातातला असो. जागा कोरी दिसली तर पेन खाली ठेवा. मी रागावले तरी ठेवा.

तुमची,
क्षेत्र समन्वयक